‘पथेर पांचाली’ : कादंबरीतील काळ आणि चित्रपटातील काळ

बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांची ‘पथेर पांचाली’ ही कादंबरी ‘विचित्रा’ या मासिकातून क्रमशः प्रसिद्ध होऊन १९२९ मध्ये पुस्तकरूपाने आली. सत्यजित राय यांचा चित्रपट १९५५ चा. बंगालबाहेरील बहुसंख्य भारतीय रसिकांना ही कलाकृती प्रथम भेटते ती चित्रपटातूनच. त्यामुळे पडद्यावर येताना मूळ कादंबरीतील इतिहासाचे काय झाले, हा प्रश्न केवळ रूपांतराच्या तंत्रापुरता उरत नाही.

कादंबरीचे तीन भाग आहेत. ‘बल्लाली-बालाई’ हा पहिला भाग इंदिर ठाकरुण या निराधार वृद्धेचा आहे. बंगालमधील कुलीन प्रथेचा संबंध परंपरेने बाराव्या शतकातील राजा बल्लाल सेन याच्याशी जोडला जातो. भागाच्या शीर्षकात त्याचाच निर्देश आहे. कुलीन ब्राह्मण पुरुष अनेक विवाह करीत आणि पत्नी बहुधा माहेरीच राहत. इंदिरचा पती क्वचित येई, कुलीनत्वाचा मान व वाटखर्च वसूल करून निघून जाई. तिचे दैन्य हे अशा रीतीने एका सामाजिक व्यवस्थेचे फलित आहे. अपू तान्हा असतानाच ती मरण पावते आणि तिच्याबरोबर गावातील जुना काळ संपला, असे निवेदक स्पष्टपणे नोंदवतो.

राय यांनी इंदिरचे आयुष्य वाढविले. चित्रपटात ती अपू कळता होईपर्यंत जगते. चुनीबाला देवींनी साकारलेली ही वृद्धा अविस्मरणीय आहे. परंतु तिच्या विवाहाचा इतिहास गळून पडतो. प्रेक्षकाला दिसते ती एका गरीब घरात नकोशी झालेली म्हातारी. सर्वजयेशी होणारा तिचा कलह दारिद्र्यातून उद्भवलेला वाटतो. त्यामागील कौलीन्याची छाया दिसत नाही. ही हानी मान्य केली पाहिजे.

मात्र राय यांनी इतिहास सर्वस्वी वगळला, असे म्हणता येणार नाही. कादंबरीत अपू आणि दुर्गा रेल्वे पाहण्यासाठी धावतात, पण तिथवर न पोहोचताच परततात. आजारी दुर्गा पुढे अपूकडे आगगाडी दाखवण्याची मागणी करते आणि ती इच्छा अपुरी ठेवूनच मरते. चित्रपटात काशफुलांच्या रानातून धावणाऱ्या या भावंडांसमोर गाडी प्रत्यक्ष येते. तेथून परतताना बांबूच्या बनात त्यांना बसलेली इंदिर दिसते. दुर्गा तिला हलवते आणि ती निष्प्राण कोसळते. कादंबरीत ज्या दोन घटनांमध्ये वर्षांचे अंतर आहे, त्या येथे लागोपाठ येतात. जुना काळ संपला हे निवेदकाचे विधान दिग्दर्शकाने दोन प्रसंगांच्या शेजारातून सांगितले आहे. बदलाची किंमतही उघड आहे : कादंबरीतील दुर्गेची अपुरी इच्छा वाचकाच्या मनात जी सल ठेवून जाते, ती चित्रपटात त्याच स्वरूपात उरत नाही.

शेवटही असाच विचारात घेण्याजोगा आहे. कादंबरीचा तिसरा भाग काशीत घडतो. तेथे हरिहर मरतो, सर्वजया परक्या घरी स्वयंपाकीण होते आणि अपूचे मन गावाकडे ओढ घेत राहते. राय यांनी हा चित्रपट गाव सोडणाऱ्या बैलगाडीवर संपवला; काशीचा भाग पुढे ‘अपराजितो’ (१९५६) मध्ये आला. रिकाम्या घरात साप शिरतो आणि घराण्याचा वास संपल्याची खूण पटते.

कादंबरी इंदिरच्या दैन्याचे कारण सांगते, तर चित्रपट त्या दैन्याचे रूप दाखवतो. म्हणूनच केवळ चित्रपट पाहून बंगाली ग्रामजीवनाविषयी मत बनवणाऱ्या अभ्यासकाने कादंबरीच्या पहिल्या भागाकडे अवश्य वळावे. इंदिरवर झालेला अन्याय एका घरातला नव्हता, हे तेथेच कळते.