वाणीचा वारसा आणि लिपीचा वारसा : मँडरिनच्या अक्षरओळखीचा इतिहास

‘वारसा-भाषक’ ही संज्ञा भाषाशिक्षणातून साहित्यविचारात आली ती एक गृहीतक बरोबर घेऊनच. घरात कानावर पडलेली भाषा आणि शाळेत वाचावयास शिकलेली भाषा एकच असते. लिपिज्ञान म्हणजे आधीच आपल्या असलेल्या भाषेला दिलेले दृश्य रूप, असे ते गृहीतक होय. देवनागरीत वाढलेल्या वाचकाला ते स्वाभाविक वाटेल. परदेशी गेलेल्या चिनी कुटुंबांचा इतिहास मात्र त्याला दुजोरा देत नाही.

एकोणिसाव्या शतकात आग्नेय आशियात गेलेले बहुसंख्य चिनी फूच्येन व क्वांगतुंग या दक्षिणेकडील प्रांतांतले होते. त्यांच्या बोली होक्क्येन, तेओच्यू, कँटनी, हक्का. मँडरिन बोलणारे त्यांत जवळजवळ नव्हतेच. असे असूनही बटाव्हियात १९०० साली स्थापन झालेल्या ‘त्योंग ह्वा ह्वे क्वान’ या संस्थेने पुढच्याच वर्षी शाळा काढली, तेव्हा शिक्षणाचे माध्यम म्हणून मँडरिनची निवड केली. या शाळेतील अनेक मुलांची घरची भाषा मलय होती आणि पूर्वजांची होक्क्येन. ‘पूर्वजांची भाषा’ म्हणून जी त्यांच्या हाती दिली गेली ती त्यांच्या पूर्वजांनी कधी बोललेलीच नव्हती. हा निर्णय राष्ट्रभावनेचा होता आणि डच सत्तेने तो तसाच ओळखला. १९०८ पासून तिने चिनी मुलांसाठी डच माध्यमाच्या शाळा सुरू केल्या, हा केवळ योगायोग नव्हे.

येथे लिपीच्या इतिहासातील एक पालट ध्यानात घ्यावा लागतो. जुनी अभिजात लेखनभाषा कोणाच्याच तोंडची नव्हती. म्हणूनच ती कोणत्याही तोंडाने वाचता येई. होक्क्येन पंडित तीच संहिता होक्क्येन उच्चारांत वाचे, कँटनी पंडित कँटनीत. हू श्र याने १९१७ साली ‘नवयुवक’ या नियतकालिकातून बोलभाषेतील लेखनाचा पुरस्कार केला. पुढे ते लेखन सर्वत्र रूढ झाले. पण ही ‘बोलभाषा’ शब्दसंग्रहाने व व्याकरणाने उत्तरेकडची होती. लेखन लोकांच्या जवळ आले असे वाङ्मयेतिहास सांगतो. दक्षिणेच्या लोकांपासून ते एका अर्थी दूर गेले, हे तो सहसा सांगत नाही. होक्क्येन घरात तृतीयपुरुषी सर्वनाम ‘ई’. पुस्तकात त्या जागी मँडरिनचे ‘था’. शिवाय स्त्रीसाठी ‘था’चे निराळे चिन्ह १९२० च्या सुमारास ल्यू पाननुंग याच्या पुरस्काराने रूढ होऊ लागले. उच्चारात भेद नाही, भेद केवळ डोळ्यांना दिसतो. एकोणिसाव्या शतकात देश सोडलेल्यांनी हे चिन्ह बरोबर नेले असणे शक्यच नव्हते. त्यांच्या नातवंडांना मात्र ते वारसा म्हणून गिरवावे लागले.

सिंगापूरमध्ये हीच प्रक्रिया राज्यसंस्थेने हाती घेतली. ७ सप्टेंबर १९७९ रोजी ली क्वान यू यांनी ‘मँडरिन बोला’ मोहिमेचा आरंभ केला. तीत होक्क्येन, कँटनी यांचा उल्लेख ‘बोली’ असाच होई आणि मँडरिन ही चिनी वंशाच्या प्रत्येक मुलाची शालेय ‘मातृभाषा’ ठरे, मग त्याची माता कोणतीही भाषा बोलो. घरे बदलली हे खरे. परंतु आजीची होक्क्येन मावळली, तिच्या जागी आलेल्या मँडरिनवर पुढच्या पिढीत इंग्रजीने मात केली. २००४ मधील अभ्यासक्रम-पुनर्विलोकनाने अखेर अक्षरे ओळखता येण्यावर भर दिला आणि हाताने लिहिण्याची अपेक्षा कमी केली. वाचन आणि लेखन ही दोन वेगळी कौशल्ये आहेत, ही कबुली त्यात होती.

वाणी आणि लिपी यांच्या या फारकतीचा साहित्यसमीक्षेतील सर्वांत बोलका दाखला अमेरिकेतला आहे. मॅक्सीन हाँग किंग्स्टन यांच्या ‘द वुमन वॉरियर’ (१९७६) मध्ये आईच्या तोंडून ऐकलेल्या कथांतून मूलान साकारते आणि तिच्या पाठीवर शब्द कोरले जातात. ते कोरणे मूळ मूलान-गीतात नाही. ते सेनापती युए फेइ याच्या आख्यायिकेतले आहे. फ्रँक चिन यांनी १९९१ साली किंग्स्टन यांच्यावर परंपरेच्या विकृतीकरणाचा आरोप ठेवला. बदल हेतुपुरस्सर असल्याची किंग्स्टन यांची भूमिका आहे. वादाची ही मांडणीच अपुरी आहे. ‘अस्सल’ ठरविणारा पुरावा लिखित संहितेचा, आणि आरोपी लेखिका मौखिक वारशाची. दोन वेगळ्या वारशांपैकी एकालाच न्यायासनावर बसविले गेले. त्यातही मूलान-गीत हे लोकगीताच्या परंपरेतले. उत्तरेकडील राजवटींच्या काळातले मानले जाणारे हे गीत आज वाचावयास मिळते ते मुख्यतः क्वो माओछ्येन याने सिद्ध केलेल्या संग्रहामुळे. त्याआधीची कित्येक शतके ते किती मुखांतून फिरले आणि प्रत्येक वेळी त्यात काय मिसळले, याचा हिशेब चिन यांच्या युक्तिवादात कोठेच येत नाही.