आदिलाबादच्या ताटातली ज्वारी

वजन कमी करायचा सल्ला देणारे बहुधा खाणाऱ्याच्या निग्रहाबद्दल बोलतात, त्याच्या जिल्ह्याच्या इतिहासाबद्दल क्वचितच. आदिलाबादपुरतं तरी हे उफराटं आहे. पैनगंगेच्या अलीकडे बेला-जैनथ भागातल्या मराठी घरांत आणि उटनूरच्या डोंगरातल्या गोंड-कोलामांच्या गुड्यांवर दोन-तीन पिढ्यांत रोजचं मुख्य धान्यच बदललं, आणि ते बदलावं असं कुणी बसून ठरवलं नव्हतं. तेलंगणातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ३० टक्के स्त्रियांचं वजन जास्त असल्याचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत दिसलं. आदिलाबादेत मात्र अपुऱ्या वजनाचा प्रश्नही अजून सुटलेला नाही. एकाच जिल्ह्यात दोन्ही टोकं सापडतात ती लोकांचा निग्रह कमी-जास्त असल्यामुळे, हे पटण्यासारखं नाही. सवय हळूहळू सरकत गेली. वजन उतरवायचं तर तिलाच तितक्याच हळू मागे सरकवावं लागेल, असं माझं म्हणणं आहे.

गोंड नेता कुमरम भीमच्या १९४० च्या उठावानंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना या डोंगरांत पाठवलं. मार्लवाई गावात राहून त्यांनी केलेल्या कामातून १९४८ साली राजगोंडांवरचा ग्रंथ निघाला. त्यांनी पाहिलेला मुलूख ज्वारीचा होता. काळ्या जमिनीत रब्बीची ज्वारी पिके, उतारावरच्या हलक्या जमिनीत पावसाळी बारीक धान्यं. खाणं म्हणजे भाकर किंवा कण्यांची आंबील, सोबत डाळ, पावसाळ्यात रानभाजी, उन्हाळ्यात मोहफुलं. कोरडवाहू दख्खनमध्ये बहुतेक ठिकाणी होतं तसं इथेही तांदूळ हे सणाचं, पाहुण्याचं धान्य. यात एक गोष्ट सहसा सुटते. भाकर थापायला कष्ट पडतात, म्हणून ती नगावर होते आणि नगावरच खाल्ली जाते. आपण दोन खाल्ल्या की तीन, हे माणसाला ठाऊक असतं. भात ढिगाने वाढला जातो, त्याची मोजदाद राहत नाही. शिवाय १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम तंतू असतात, सडीक तांदळात तीनहून कमी. पोट भरल्याची जाणीव कशाने लवकर होते, हे वेगळं सांगायला नको.

ज्वारी हटली ती एका घावात नाही. काळ्या जमिनीवर कापूस आला, कारण कापसाला बाजार होता आणि ज्वारीला पाखरं राखायची कटकट. ट्रॅक्टर आल्यावर बैल कमी झाले, तशी कडब्याची गरजही उणावली. मग १९८३ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशात एन. टी. रामाराव यांच्या सरकारने दोन रुपये किलोने तांदूळ दिला, आणि सणाचं धान्य रोजचं झालं. तेलंगण राज्य झाल्यावर जानेवारी २०१५ पासून माणशी महिन्याला सहा किलो तांदूळ एक रुपया किलोने मिळू लागला. २०२५ पासून तोच बारीक आणि फुकट मिळतो. हद्दीचा खेळही पाहण्याजोगा आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा मराठी मुलखात गेले. माती तीच, सोयरीक तीच. पण तिकडच्या रेशनवर तांदळासोबत गहूही आला, इकडे मुख्यतः तांदूळच. ताटात काय पडतं हे कुटुंबाने जेवढं ठरवलं, त्याहून जास्त दुकानाच्या पाटीने ठरवलं.

पहिला आक्षेप रास्त आहे: ज्वारीचा काळ उपासमारीचाही होता, तेव्हाचं सडपातळपण मिरवण्यासारखं नव्हतं. खरंच आहे. दोन रुपयांच्या तांदळाने चूल पेटती ठेवली, आणि ज्यांच्या घरी आजही वजन अपुरं आहे त्यांचा तांदूळ तोडायला कुणी सांगू नये. पण अर्धपोटी राहणं आणि ज्वारी खाणं या दोन गोष्टी त्या काळात एकत्र आल्या होत्या, एवढंच. भूक गेली ते उत्तम झालं. तिच्याबरोबर डाळ, रानभाजी आणि मोजून खाण्याची रीतही मागे पडावी, असं काही अटळ नव्हतं. दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. तांदळात आणि ज्वारीत उष्मांक जवळपास सारखेच, मग धान्य बदलून काय होणार? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी मधुमेह पाहणीतूनही २०२५ साली तेच पुढे आलं: भारतीयांची सुमारे ६२ टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून येते, आणि नुसता तांदूळ काढून भरड धान्य घातल्याने मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसत नाही, पिष्ट थोडं घटवून त्या जागी डाळ किंवा दूध-दही आलं, तर दिसतो. म्हणजे ज्वारीला औषध म्हणून डोक्यावर घेणारी सध्याची फॅशन (२०२३ हे भरड धान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झाल्यापासून तिला ऊत आला आहे) निम्मीच बरोबर आहे. जुन्या ताटाचं बळ एकट्या धान्यात नव्हतंच. मोजकी भाकर आणि तिच्या सोबतीचं कोरड्यास मिळून ते जेवण होई.

तिसरा आक्षेप घाईचा: इतक्या सावकाश बदलाने वजन उतरायला वर्षं लागतील. लागू देत. एका महिन्यात भात तोडणारा माणूस दुसऱ्या महिन्यात दुप्पट भात खातो, कारण घरात शिजतो तो भातच आणि कोठीत असतो तो तांदूळच. त्यापेक्षा आधी रात्रीच्या जेवणात भाताचा एक वाढप कमी करून तिथे डाळ वाढवावी. ते अंगवळणी पडलं की आठवड्यातून दोन-तीन रात्री भाकर करावी. सकाळचा भात सगळ्यात शेवटी हलवावा. यात भाकर थापणारे हात कुणाचे, हाही प्रश्न आहे. हे कष्ट पुन्हा एकट्या सुनेच्या गळ्यात पडणार असतील, तर सवय टिकणार नाही आणि टिकूही नये. सरकारी बाजूने थोडी हालचाल झाली आहे: उटनूरच्या एकात्मिक आदिवासी विकास संस्थेच्या क्षेत्रात, हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेच्या साहाय्याने, ‘गिरी पोषण’ योजनेतून अंगणवाड्यांत ज्वारीचे तयार पदार्थ दिले गेले. पण घरच्या कोठीचा हिशेब वेगळा आहे. तांदूळ फुकट मिळतो आणि ज्वारी विकत आणावी लागते. जिच्या काळ्या जमिनीत आता कापूस उभा आहे, तीच शेतकरीण आज बाजारात ज्वारीची गिऱ्हाईक आहे.