थ्रोट आणि गोळीची बैठक (रायफल)

काडतुसाच्या पुंगळीत गोळी किती आत बसवली आहे, ती गोळीची बैठक. पुंगळीच्या तोंडापुढे नळीतले आटे पूर्ण उंचीचे होईपर्यंतचा भाग म्हणजे थ्रोट. पुंगळीतून सुटलेली गोळी आट्यांना भिडेपर्यंत किती मोकळी धावते, ते या दोहोंवर ठरते. नेमबाज त्याला 'जंप' म्हणतात. काडतुसाच्या एकूण लांबीवरून जंप नेमकी कळत नाही, कारण गोळ्यांची टोके सारखी नसतात. माप घ्यावे लागते ते गोळी आट्यांना जिथे टेकते तिथे.

गोळी अधिक आत दाबली की दारूची जागा घटते आणि दाब वाढतो. ती बाहेर ओढून आट्यांना टेकवली तरी दाब वाढतोच: गोळीला वेग येण्याआधीच आट्यांत घुसावे लागते. वेदरबी रायफलींच्या लांब थ्रोटमुळे दाब सावकाश चढतो, म्हणून दारू थोडी जास्त चालते. लक्ष्यावरचा गोळ्यांचा गट कोणत्या जंपला आवळतो, हे मात्र प्रत्येक नळीत झाडूनच ठरवावे लागते. शिवाय उष्ण वायूंनी थ्रोट झिजतो, आटे पुढे सरकतात आणि जमवलेले माप बिघडते. मॅगझिनचीही मर्यादा असतेच; .३०८ विंचेस्टरची कमाल लांबी ७१.१२ मिमी आहे.

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार दारूगोळा बनवण्यास परवाना लागतो. ५० मीटर रायफलच्या .२२ रिमफायर काडतुसात तर काडतूस स्वतः भरण्याचा प्रश्नच उरत नाही. पेटवणारे मिश्रण पुंगळीच्या कडेत असते आणि ठोकर बसली की कडा चेपते, म्हणून पुंगळी पुन्हा भरता येत नाही. बैठक कारखान्यातच ठरलेली. मॅच रायफलचा थ्रोट मुद्दाम आखूड असतो: बोल्ट लावतानाच शिशाची गोळी आट्यांत शिरते, आणि न झाडता काढलेल्या काडतुसावर त्यांचे बारीक ओरखडे स्पष्ट दिसतात. कधी असे काढताना गोळी नळीतच अडकते आणि दारू चेंबरमध्ये सांडते. अशी नळी तपासल्याशिवाय पुढचे काडतूस घालणे धोक्याचे.

म्हणून नेमबाज बैठक बदलत नाही, लॉट बदलतो. रायफल शिकंज्यात आवळून एकाच कंपनीचे निरनिराळे लॉट ५० मीटरवर झाडले जातात, कारण ५.६ मिमीची गोळी १०.४ मिमीच्या दहाच्या वर्तुळात बसवायची असते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनचे जागतिक सुवर्ण मिळवले. त्याच जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांनी कांस्य जिंकले. दोन्ही स्पर्धा याच रिमफायर काडतुसाच्या.

नवी मुंबईलगत पनवेलला सुमा शिरूर यांचा 'लक्ष्य' शूटिंग क्लब आहे. शिरूर ज्या प्रकारात ऑलिंपिक खेळल्या त्या १० मीटर एअर रायफलला पुंगळी नाही आणि दारूही नाही. तरी छर्रा नळीत कसा बसतो याचे महत्त्व तिथेही उरते: डब्यांवर छर्ऱ्याच्या डोक्याचा व्यास ४.४९, ४.५० असा शतांश मिलिमीटरपर्यंत छापलेला असतो, आणि रायफलला मानवेल तो पारखूनच घेतात.