थांगका चित्रकार : रेषेआधी मापाचे शिक्षण

बौद्ध चित्रकला म्हटली, की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर अजिंठ्याच्या भिंती येतात. हीच कला कापडावर जपणारी एक परंपरा तिबेटमध्ये आणि हिमालयाच्या परिसरात आजही जिवंत आहे. गुंडाळून ठेवता येणाऱ्या या चित्रपटाला ‘थांगका’ म्हणतात. भिक्षू आणि भटके पशुपालक तो गुंडाळून प्रवासात सोबत नेत.

या कलेची मुळे भारतात आहेत. नग्नजिताच्या नावावर असलेला ‘चित्रलक्षण’ हा ग्रंथ मूळ संस्कृतात आज उपलब्ध नाही. तो टिकला तो ‘तेंग्युर’ या तिबेटी ग्रंथसंग्रहातील अनुवादामुळे. त्यावरून बेर्थोल्ड लाउफर यांनी १९१३ मध्ये जर्मन भाषांतर प्रसिद्ध केले.

थांगका चित्रकाराचे शिक्षण गुरूजवळ बसून होते. पुष्कळदा पिता हाच गुरू असतो. प्रारंभीची काही वर्षे रंगाला हात लावायचा नसतो. चौकटी आखून प्रथम बुद्धाचे मुख, मग संपूर्ण देह, त्यानंतर तारा व अवलोकितेश्वर आणि शेवटी उग्र देवता, असा क्रम असतो. प्रचलित मानानुसार बुद्धाची उंची १२५ अंगुळे धरतात. प्रमाण चुकलेली प्रतिमा पूजेस अयोग्य मानली जाते आणि तो दोष चित्रकाराला लागतो, अशी श्रद्धा आहे. त्यामुळे विद्यार्थी एकच मुख शेकडो वेळा रेखाटतो.

त्यानंतर साहित्याची ओळख होते. सुती कापड लाकडी चौकटीवर ताणून त्यावर सरस व खडूचा लेप देतात आणि ते गुळगुळीत होईपर्यंत घोटतात. निळा रंग अझुराइटपासून, हिरवा मॅलाकाइटपासून, तर लाल हिंगुळापासून मिळतो. सोन्याच्या रंगाला अकीकाने झिलई देतात. डोळे सर्वांत शेवटी उघडतात. पटामागे मंत्राक्षरे लिहून प्रतिष्ठा झाली, की चित्र पूजेस योग्य ठरते.

१९५९ नंतर अनेक तिबेटी कलावंत निर्वासित झाले आणि गुरुशिष्यांची साखळी तुटण्याचा धोका निर्माण झाला. धरमशालेजवळ १९८८ मध्ये स्थापन झालेल्या नोर्बुलिंगका संस्थेने ही विद्या पुन्हा शिकवण्यास घेतली. काठमांडूतील शेचेन मठाच्या चित्रशाळेत सहा वर्षांचा अभ्यासक्रम आहे. थांगकाचा समावेश असलेल्या तिबेटी प्रदेशातील रेगोंग कलांना युनेस्कोने २००९ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले.

आज खरे आव्हान बाजारपेठेचे आहे. छापील प्रती आणि पर्यटकांसाठी घाईने रंगवलेले पट स्वस्तात मिळतात. एका अस्सल थांगकासाठी मात्र कित्येक महिने खर्ची पडतात. एवढे श्रम घेऊनही परंपरेने चित्रकार आपल्या कृतीवर नाव लिहीत नाही. तिची ओळख पटते ती गुरूकडून आलेल्या मापांवरून. ती मापे शिकण्यासाठी वर्षे देणारा शिष्य मिळतो, तोवरच ही विद्या टिकणार आहे.