म्युनिक १९७२ : तीन सेकंद, तीन वेळा

मंगळवार, ५ सप्टेंबर, पहाट

‘ब्लॅक सप्टेंबर’चे आठ बंदूकधारी म्युनिकच्या ऑलिंपिक ग्रामात शिरतात आणि इस्रायलच्या खेळाडूंना व प्रशिक्षकांना ओलीस धरतात. बुधवार उजाडेपर्यंत अकरा इस्रायली आणि एका जर्मन पोलिसाचा जीव गेलेला असतो. त्या ऑलिंपिकमधला खरा अनर्थ हाच. पुढे जे सांगायचं आहे तो एका बास्केटबॉल संघाचा अनर्थ आहे, आणि दोन्ही एका मापाने मोजायचे नाहीत. बुधवारी शोकसभा होते. स्पर्धा चालूच राहणार, असं ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष एव्हरी ब्रंडेज जाहीर करतात. सगळं वेळापत्रक एक दिवस पुढे सरकतं.

शनिवार, ९ सप्टेंबर, संध्याकाळ

अंतिम सामना अमेरिका विरुद्ध सोव्हिएत संघ. बास्केटबॉल ऑलिंपिकमध्ये आलं १९३६ साली, बर्लिनला. तेव्हापासून अमेरिका ६३ सामने खेळली आणि ६३ जिंकली. सातही सुवर्णपदकं तिचीच. हरायचं कसं याचा सरावच नसलेला हा संघ.

आणि तरी हा संघ कच्चा आहे. व्यावसायिक खेळाडूंना तेव्हा ऑलिंपिकमध्ये मज्जाव होता, त्यामुळे अमेरिका कॉलेजातली मुलं पाठवायची. त्यातही ज्याच्या नावाचा सगळीकडे गाजावाजा होता तो बिल वॉल्टन आलेलाच नाही. अमेरिकेने आजवर पाठवलेला हा सगळ्यात तरुण संघ. प्रशिक्षक हँक आयबा ६८ वर्षांचे. १९६४ आणि १९६८ ची सुवर्णपदकं त्यांच्याच हाताखाली आली. त्यांची पद्धत जुनी : चेंडू सांभाळा, घाई नको, आधी बचाव. धावायला आणि उड्या मारायला शिवशिवणाऱ्या पोरांना त्यांनी वेसण घालून ठेवली आहे. उपांत्य फेरीत इटलीला त्यांनी ६८-३८ असं लोळवलं, तेव्हा या वेसणीबद्दल तक्रार करायला जागा नव्हती.

पलीकडे व्लादिमीर कोंद्राशिन यांचा संघ वर्षानुवर्षं एकत्र खेळून मुरलेला. गेन्नादी वोल्नोव्हचं हे चौथं ऑलिंपिक. ‘हौशी’ म्हणवणाऱ्या या मंडळींचा दिवसभराचा धंदा बास्केटबॉलच होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

रात्री ११.४५

सामना सुरू. इतक्या अपरात्री का? तर अमेरिकेत तेव्हा शनिवारची संध्याकाळ असते आणि टीव्हीवाल्यांना ती वेळ हवी होती. भारतात रविवारची पहाट, सव्वाचार.

पहिली बास्केट सोव्हिएत संघाची आणि आघाडीही त्यांचीच. हातचा खेळ सोडून सेर्गेई बेलोव्हच्या मागे धावण्यातच अमेरिकेचा वेळ जातो. तो या सामन्यात २० गुण काढणार आहे. मध्यंतराला २६-२१. ही आघाडी पाचच गुणांची, पण अमेरिकेचे २१ गुण अख्ख्या वीस मिनिटांतले आहेत. आयबांची वेसण आता अमेरिकेच्याच गळ्याला फास होऊ लागली आहे.

खेळाच्या घड्याळात १२ मिनिटं १८ सेकंद बाकी

सुटलेल्या चेंडूवरून ड्वाइट जोन्स आणि मिखाईल कोर्किया यांची झटापट. रेफरी दोघांनाही बाहेर काढतात. हिशेब बरोबरीचा दिसतो, पण तो तसा नाही : कोर्किया त्यांच्या बारांपैकी एक, जोन्स मात्र अमेरिकेचा सगळ्यात भरवशाचा खेळाडू. लगेच पुढच्या जंप बॉलला जिम ब्रूअर खाली आदळतो, डोक्याला मार बसतो आणि तोही जातो. दहा मिनिटं उरली असताना सोव्हिएत संघ दहा गुणांनी पुढे.

इथे पोरं वेसण तोडतात. केव्हिन जॉइस अंगावर धावून जातो, बाकीचे त्याच्या मागे, आणि सगळा कोर्टभर दाबून धरलेला बचाव सुरू होतो. अंतर दहाचं पाच, पाचाचं तीन. हेच वीस मिनिटं आधी का केलं नाही, हा प्रश्न आयबांना पुढे आयुष्यभर विचारला गेला. रास्त प्रश्न होता.

साधारण ४० सेकंद बाकी

जिम फोर्ब्जचा उडी मारून टाकलेला चेंडू आत. ४९-४८. चेंडू सोव्हिएत संघाकडे, आघाडी एका गुणाची, आणि तीस सेकंदांत फेक करणं नियमाने भाग. अलेक्सांद्र बेलोव्हची फेक टॉम मॅकमिलन अडवतो. चेंडू पुन्हा बेलोव्हच्याच हातात येतो. आता त्याने नुसता छातीशी धरून ठेवला असता तरी चाललं असतं. तो सहकारी साकांदेलिद्झेकडे पास फेकतो, डग कॉलिन्स मध्येच तो हिसकावतो आणि थेट बास्केटकडे सुटतो. साकांदेलिद्झे त्याला खालून उडवतो. कॉलिन्स बास्केटच्या खांबापाशी जाऊन आपटतो आणि क्षणभर शुद्धीवर नसतो.

फाउल. दोन फ्री थ्रो. बाकी तीन सेकंद.

३ सेकंद

डोकं गरगरत असताना कॉलिन्स रेषेवर उभा राहतो. पहिला आत : ४९-४९. दुसरा टाकण्याच्या तयारीत असतानाच गुणनोंदणीच्या टेबलावरचा हॉर्न वाजतो. रेफरी मान वळवतो, पण खेळ थांबवत नाही. कॉलिन्स टाकतो, आत : ५०-४९. सगळ्या सामन्यात अमेरिका पहिल्यांदाच पुढे.

तो हॉर्न का वाजला, यातच पुढचं सगळं रामायण आहे. टाइमआउट मागायला प्रशिक्षकांकडे बटण होतं. ते दाबलं की टेबलावर दिवा लागायचा. त्या वेळच्या नियमाप्रमाणे टाइमआउट पहिल्या फ्री थ्रोआधी किंवा दोन थ्रोंच्या मध्ये घेता यायचा. दुसरा थ्रो पडल्यावर नाही. आपण वेळेत मागितला होता आणि दोन थ्रोंच्या मध्ये हवा होता, हे कोंद्राशिन यांचं म्हणणं. टेबलवाल्यांनी तो दिला नाही.

३ सेकंद, पहिल्यांदा

सोव्हिएत खेळाडू चेंडू आत घेतात आणि सेर्गेई बेलोव्ह कडेने पुढे निघतो. तेवढ्यात त्यांचे सहप्रशिक्षक टेबलाशी जाऊन आरडाओरडा करतात. ब्राझीलचे रेफरी रेनातो रिगेत्तो गडबड पाहून खेळ थांबवतात. घड्याळात एक सेकंद.

आता प्रेक्षकांतून एक गृहस्थ खाली उतरतात. रेनातो विल्यम जोन्स, आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेचे सरचिटणीस, १९३२ पासून ही संघटना चालवणारे. ते तीन बोटं दाखवतात : तीन सेकंद परत द्या. चालू सामन्यात ढवळाढवळ करण्याचा अधिकार त्यांना कुठल्याही नियमाने नाही. पण ज्याच्या शब्दावर सगळी संघटना चालते त्याला नाही म्हणायला टेबलावर कुणीच नाही. त्या गडबडीत कोंद्राशिन इव्हान येदेश्को या लांब पास फेकणाऱ्या गड्यालाही आत सोडतात.

३ सेकंद, दुसऱ्यांदा

येदेश्को पाउलाउस्कासकडे चेंडू देतो, तो कोर्टाच्या त्या टोकाला भिरकावतो, चेंडू चुकतो, हॉर्न वाजतो. अमेरिकेची पोरं एकमेकांच्या गळ्यात पडून नाचू लागतात. लोक कोर्टवर उतरतात.

पण घड्याळ तीन सेकंदांवर लावून व्हायच्या आतच खेळ सुरू झालेला असतो. फलकावर ५० सेकंद दिसत असतात! हॉर्न वेळ संपली म्हणून वाजलेला नाही. पुन्हा जोन्स, पुन्हा तीन सेकंद. आपण निघून जावं, असं अमेरिकी बाकावर काहींना वाटतं, पण मैदान सोडलं तर सामना गमावल्याचा निकाल लागेल ही आयबांना धास्ती.

३ सेकंद, तिसऱ्यांदा

येदेश्कोसमोर हात वर करून उभा असलेला मॅकमिलन २११ सेंटिमीटर उंच. त्याच्यावरून पास काढणं कठीण. बल्गेरियाचे रेफरी आर्तेनिक अराबाजियान त्याला काहीतरी खूण करतात. मागे हो असा तिचा अर्थ घेऊन मॅकमिलन मागे सरतो. येदेश्कोला अख्खं कोर्ट मोकळं दिसतं. तो चेंडू एका टोकाहून दुसऱ्या टोकाला फेकतो. बेलोव्ह, म्हणजे मघाशी ज्याने पास गमावला तो अलेक्सांद्र बेलोव्ह, जॉइस आणि फोर्ब्ज यांच्यामध्ये उंच उडतो, चेंडू झेलतो. फोर्ब्ज तोल जाऊन पडतो, जॉइस झोकाने रेषेबाहेर जातो. तो शांतपणे चेंडू आत ठेवतो. ५१-५०.

रविवार, १० सप्टेंबर

रिगेत्तो गुणपत्रकावर सही करायला नकार देतात. अमेरिका लेखी तक्रार करते. त्या गर्दीत आयबांचं पाकीटही कुणीतरी मारतं. पाच जणांची समिती बसते : हंगेरी, पोलंड, क्युबा, इटली, प्वेर्तो रिको. निकाल तीन विरुद्ध दोन, तक्रार फेटाळली. पहिले तिन्ही देश साम्यवादी गटातले, हे अमेरिकेतल्या प्रत्येक वर्तमानपत्राने छापलं. त्यात खोटं काही नव्हतं.

पदकं द्यायच्या वेळी रौप्यपदकाची पायरी रिकामी. त्याच दिवशी हॉकीच्या अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीकडून १-० असं हरलेल्या पाकिस्तानच्या खेळाडूंनी पदकं घेताना जो तमाशा केला, त्याबद्दल त्यांच्यावर बंदी आली. अमेरिकी पोरं आलीच नाहीत, म्हणून त्यांना शिक्षा करायला कुणाला कारणच मिळालं नाही.

त्यानंतर

अलेक्सांद्र बेलोव्ह १९७८ मध्ये, अवघ्या २६ व्या वर्षी हृदयाच्या दुर्मिळ कर्करोगाने गेला. आपल्यामागे बायकोमुलांनीही ते रौप्यपदक घेऊ नये, असं केनी डेव्हिस या अमेरिकी कर्णधाराने मृत्युपत्रातच लिहून ठेवलं. एकाही खेळाडूने आपलं पदक उचललेलं नाही.

सुवर्ण चोरलं, असं अमेरिका पन्नास वर्षं म्हणत आली. ती बोट ठेवते तिसऱ्या तीन सेकंदांवर, आणि तिथेच चुकते. घड्याळ लागलेलंच नसताना झालेला खेळ रद्द करून पुन्हा खेळवणं योग्यच होतं. येदेश्कोचा पास आणि बेलोव्हची झेपही अस्सल होती. गुन्हा घडला तो पहिल्या वेळी, अधिकार नसलेल्या माणसाने बोटं दाखवली आणि रेफरींनी ती मानली तेव्हा. पण टाइमआउट मागूनही मिळाला नसेल, तर सोव्हिएत संघावरचा अन्यायही त्याच टेबलावर, त्याच्याही आधी झाला होता.

त्या शेवटच्या मिनिटाचं चित्रीकरण आज कुणालाही पाहता येतं. पाहाल तेव्हा चेंडूवरची नजर काढून टेबलाकडे पाहा. सामना तिथे हरला गेला.