मोटारींतील तारा : तांबें, रबर आणि सूत

अमरावतीहून यवतमाळकडे जाणाऱ्या सडकेवर नेर हें गांव लागतें. जुन्या कागदपत्रांतून त्याचा उल्लेख नेर-परसोपंत असा येतो. वऱ्हाडच्या काळ्या जमिनीचा हा मुलूख कापसाचा. इतका कीं, अमरावतीच्या जुन्या नांवावरून ‘उमरा’ हें कापसाच्या एका प्रकाराचें नांवच लिव्हरपूलच्या बाजारांत रूढ झालें होतें. हा कापूस वाहून नेण्यासाठीं विसाव्या शतकाच्या आरंभीं मूर्तिजापूर ते यवतमाळ असा अरुंद लोहमार्ग घालण्यांत आला. पण तो दारव्ह्यावरून गेला आणि नेर सडकेवरच राहिलें. अशा गांवाचा बाहेरच्या जगाशीं संबंध आधीं बैलगाडीनें आणि पुढें मोटारीनें राखला. मोटार ही केवळ श्रीमंतांच्या चैनीची वस्तु, हें येथील माणसाला सांगून पटणार नाहीं.

नेरच्या शिवारांत पिकणाऱ्या पांढऱ्या बोंडाचा मोटारीशीं आणखी एक संबंध आहे, तो सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. १९५० पूर्वींच्या बहुतेक कोणत्याहि मोटारीचें पुढील झांकण उघडावें. यंत्राच्या कडेनें जाणाऱ्या विजेच्या तारा सुताच्या विणलेल्या आवरणांत गुंडाळलेल्या दिसतील. आंत तांबें, त्यावर रबर आणि त्यावर सूत, असा हा त्रिविध संसार आहे. जुन्या मोटारीचें लोखंड टिकतें, पितळ टिकतें, लांकूडहि जपलें तर टिकतें. ह्या तारा मात्र टिकत नाहींत. त्यांचा इतिहास हा मुख्यतः त्यांच्या मरण्याचा आणि पुन्हा घडविल्या जाण्याचा इतिहास आहे.

मोटारीच्या तारेची पहिली प्रसिद्ध दुरुस्ती एका स्त्रीच्या हातून झाली. १८८८ च्या ऑगस्टांत बर्था बेंझ ही बाई आपल्या दोन मुलांना बरोबर घेऊन, पति कार्ल बेंझ यांस न सांगतां, त्यांनीं बनविलेल्या तीनचाकी मोटारींतून मॅनहाइमहून फोर्झहाइमला निघाली. अंतर १०० किलोमीटरच्या वर. वाटेंत ठिणगी पाडणाऱ्या तारेचें आवरण झिजून ती उघडी पडली, तेव्हां तिनें आपल्या पायमोज्याचा पट्टा काढून त्या तारेभोंवतीं गुंडाळला, असें सांगतात. तुंबलेली इंधनाची नळी तिनें टोपीच्या सुईनें मोकळी केली, ही गोष्टहि त्याच प्रवासांतली. ह्या बाईच्या धाडसाची वाखाणणी सर्वांनीं केली आहे आणि ती योग्यच आहे. परंतु तारांच्या दृष्टीनें पाहतां त्या पट्ट्याचें महत्त्व निराळें आहे. मोटारीचें पेटंट निघून अवघीं दोन-अडीच वर्षें झालीं होतीं, आणि इतक्यांतच तिच्यांतील तार उघडी पडली. तांबें शाबूत होतें. हरलें तें आवरण. पुढील सव्वाशें वर्षांत हा क्रम बदललेला नाहीं.

त्या काळच्या मोटारींत तारा होत्याच किती! ठिणगीपुरती वीज लागे. १९०२ त बॉश यांच्या कारखान्यांतील गॉटलोब होनोल्ड यांनीं उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला, त्यामुळें ठिणगीसाठीं बॅटरीचीहि गरज उरली नाहीं. दिवे तेलाचे किंवा कार्बाइडच्या वायूचे असत, भोंगा हातानें दाबण्याचा असे, आणि यंत्र सुरू करावयाचें तें पुढें उभें राहून लोखंडी दांडा फिरवून. हा दांडा उलटा झटका देई आणि कित्येकांचीं मनगटें मोडत. चार्ल्स केटरिंग यांनीं योजलेला विजेचा ‘सेल्फ’ १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारीबरोबर बाजारांत आला आणि ही स्थिति पालटली. सेल्फसाठीं मोठी बॅटरी हवी, बॅटरी भरण्यासाठीं डायनॅमो हवा. आणि एकदां एवढी वीज घरांत आली म्हणजे दिवे, भोंगा, कांच पुसणारा हात हीं सारीं मागोमाग आलीं. फोर्डची टी मोटार १९०८ सालीं निघाली, तरी तिला विजेचा सेल्फ १९१९ त मिळाला, तोहि प्रथम सर्वांना नव्हे. तथापि दहा-पंधरा वर्षांच्या अवधींत चार-दोन तारांची जागा एका जाड जुडीनें घेतली. ह्या जुडीलाच कारखान्यांतून हार्नेस म्हणूं लागले.

ही जुडी कशी बनत असे, तें पाहण्यासारखें आहे. तांब्याच्या बारीक तंतूंचा पीळ घ्यावयाचा. रबर टिकाऊ करण्यासाठीं त्यांत गंधक मिसळीत, आणि गंधक तर तांब्याला खातें. म्हणून तंतूंवर आधीं कथलाची कल्हई चढवीत. मग रबर, मग सुताची वीण आणि शेवटीं लाखेसारखें रोगण. बर्मिंगहॅमच्या जोसेफ लुकास यांच्या कारखान्याचा आरंभ दिवे विकण्यापासून झाला, तो पुढें इंग्लंडांतील बहुतेक मोटारींना विजेचें साहित्य पुरवूं लागला. त्यानें सुताच्या रंगांची एक भाषाच ठरवून दिली. तपकिरी तार थेट बॅटरीकडची, पांढरी चावीनंतरची, हिरवी फ्यूजमधून आलेली, तांबडी बाजूच्या दिव्यांची, निळी पुढील मोठ्या दिव्यांची, आणि काळी सांगाड्याला जोडावयाची. मूळ रंगांत दुसऱ्या रंगाचा एक धागा विणला कीं तारेचा पोटभेद कळे. निळ्यांत पांढरा धागा असल्यास दूरचा प्रकाश, निळ्यांत तांबडा असल्यास खालीं वळविलेला. विणकराला ही युक्ति नवी वाटणार नाहीं. लुगड्याच्या कांठावरून गांव ओळखणाऱ्यांच्या देशांत ती समजावून देण्याची गरज नाहीं. लुकासच्या साहित्याची इंग्रजांनींच पुष्कळ थट्टा केली आणि लुकास यांना ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हटलें. पण ही रंगांची भाषा त्या थट्टेहून दीर्घायु ठरली.

रबराचा शत्रु हवा. प्राणवायूनें तें हळूहळू कडक होतें, मग त्याला चिरा पडतात, आणि उष्णतेनें ही क्रिया अधिक वेगानें चालते. वरचें सूत तेल व ओल शोषून घेतें. उंदरांना तें कुरतडावयास आवडतें. विदर्भांत उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांवर जातो, आणि पत्र्याखालीं यंत्राची धग निराळी. अशा ठिकाणीं वरून धड दिसणारी तार हातानें वांकवितांच आंतील रबर भुग्यासारखें गळून पडतें. बाहेर सुताची नळी, आंत उघडें तांबें, मध्यें कांहीं नाहीं. मोटारीचा सर्व सांगाडा हाच विजेचा परतीचा मार्ग असल्यामुळें अशी तार कोठेंहि पत्र्याला टेकली कीं बॅटरींतील सारी शक्ति त्या एका बिंदूंतून धांवते. फोर्डच्या १९२७ ते १९३१ मधील ए मोटारीला कारखान्यांतून फ्यूजच दिलेला नव्हता. इंग्रजी मोटारींतून पुष्कळदां दोनच फ्यूज असत आणि पुढील मोठ्या दिव्यांच्या वाटेवर बहुधा एकहि नसे. त्यांच्या कर्त्यांना अज्ञानी म्हणतां येणार नाहीं. आपली गाडी सत्तर-ऐंशी वर्षें चालेल, अशी कल्पनाच त्यांनीं केली नव्हती.

आपल्याकडे मात्र गाड्या चालल्या, आणि फार चालल्या. मोटार घेणारे पहिले हिंदी गृहस्थ म्हणून जमशेटजी टाटा यांचें नांव १९०१ सालासह घेतलें जातें. १९२८ त जनरल मोटर्सनें मुंबईस शिवडी येथें जोडणीचा कारखाना काढला. तेव्हांपासून अमेरिकन गाड्या पेट्यांतून सुटे भाग म्हणून येत आणि येथें उभ्या राहत. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनीं १९४४ त प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या त्या कारखान्यांतून १९४७ त पहिली गाडी बाहेर पडली, आणि पुढें फियाटच्या बनावटीची जी मोटार तेथें होऊं लागली ती ‘पद्मिनी’ ह्या नांवानें घरोघर ठाऊक झाली. तिचें उत्पादन २००० सालाच्या सुमारास थांबलें. मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरांत गेली. मधल्या काळांत परदेशी गाड्यांची आयात जवळजवळ बंद होती, नवी गाडी मिळावयास वर्षानुवर्षें थांबावें लागे, आणि म्हणून जुनी गाडी मोडींत काढणें कोणाच्या स्वप्नांतहि येत नसे.

ह्या दीर्घायुष्याची किंमत तारांनीं दिली. तार जळली कीं जी मिळेल ती जोडावी, रंग पाहूं नये, जाडी पाहूं नये. घरच्या विजेची एकेरी कडक तार मोटारींत घालावी आणि वर काळी चिकटपट्टी गुंडाळावी, हा सडकेवरचा रिवाज झाला. त्यांत कारागिरांचा दोष थोडा. गाडी संध्याकाळच्या आंत चालू करून द्यावयाची होती. परंतु अशा तीस-चाळीस दुरुस्त्यांनंतर लुकासची ती रंगांची भाषा कोणालाच वाचतां येईनाशी होते. तपकिरी तार मध्येंच तांबडी होते आणि पुढें काळी होऊन दिव्यांत शिरते.

म्हणून जुन्या गाडीचें वायरिंग नव्यानें करणारा जाणता कारागीर प्रथम कांहींच तोडीत नाहीं. बॅटरी सोडवून तो कागद घेऊन बसतो. प्रत्येक टोंकाला चिठ्ठी, प्रत्येक फांटा कोठून निघाला त्याचें माप, आणि मग संपूर्ण जुडी अखंड बाहेर. ती लांकडी फळीवर पसरून तिच्या वळणांवर खिळे ठोकले म्हणजे त्याच खिळ्यांमधून नवी जुडी ओंवतां येते. कारखान्याचा छापील नकाशा मिळाला तरी तारांची लांबी त्यांत नसते. ती फक्त त्या मेलेल्या जुडीलाच ठाऊक असते. उत्साहाच्या भरांत जुन्या तारा ओढून काढून भंगारांत टाकणाऱ्यांनीं, पुढें महिनोन्महिने अंधारांत चांचपडावें लागतें तेव्हां, दोष आपल्याच घाईला द्यावा.

तारेची जाडी ठरवितांना अंदाज चालत नाहीं. ३६ वॅटचा दिवा १२ व्होल्टवर ३ अँपिअर प्रवाह घेतो. तोच ६ व्होल्टच्या गाडींत ६ अँपिअर घेतो. प्रवाह दुप्पट झाला म्हणजे तारेंत वाया जाणारा दाब दुप्पट होतो, आणि मुळांत दाबच निम्मा असल्यामुळें ही हानि प्रमाणानें चौपट पडते. दिव्यापर्यंत पोहोंचणारा दाब १० टक्क्यांनीं घटला तर प्रकाश सुमारें ३० टक्क्यांनीं घटतो. जुन्या सहा व्होल्टच्या गाड्यांचे दिवे काजव्यासारखे लागतात अशी तक्रार सर्वत्र ऐकूं येते. तींत दिव्यांचा अपराध पुष्कळदां नसतो, तारा बारीक असतात किंवा सांगाड्याशीं जोडण्याची जागा गंजलेली वा रंगानें झांकलेली असते. नवा चकचकीत रंग दिलेल्या गाडींत हें हटकून घडतें, कारण रंगांतून वीज जात नाहीं! जुन्या इंग्रजी मोजणींत १४ किंवा २८ किंवा ४४ तंतूंची तार म्हणत, प्रत्येक तंतु इंचाच्या १२ सहस्रांश जाडीचा. आजच्या मापानें त्या अनुक्रमें १, २ आणि ३ चौरस मिलिमीटरच्या जवळपास येतात.

विजेची दिशा हाहि एक सांपळा आहे. १९६० च्या आसपासपर्यंत बहुतेक इंग्रजी मोटारींत बॅटरीचें धन टोंक सांगाड्याला जोडलेलें असे, आजच्या प्रघाताच्या नेमकें उलट. संवयीनें ऋण टोंक जोडणाऱ्याच्या गाडींत दिवे लागतात, भोंगा वाजतो, परंतु डायनॅमोला नव्या दिशेची ओळख करून दिली नसेल तर बॅटरी कांहीं भरत नाहीं.

राहिला प्रश्न आवरणाचा. वाल्डो सिमन यांनीं १९२६ त अमेरिकेंत पीव्हीसी मऊ करण्याची रीत शोधली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत त्या पदार्थानें मोटारींतून रबर व सूत दोन्ही हांकलून दिलीं. आज पुनर्घटना करणारे आंत पीव्हीसी आणि वर जुन्या रंगांच्या धाग्यांची सुती वीण अशी तार वापरतात. ही फसवणूक नव्हे काय, असा आक्षेप निघतो. भारत सरकारच्या २०२१ च्या नियमांनीं ५० वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपांत राखलेल्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून निराळी नोंद आणि क्रमांकांत ‘व्हीए’ हीं अक्षरें दिलीं. चासी, बॉडी आणि इंजिन ह्यांत मोठा फेरबदल नसावा, अशी त्यांत अट आहे. तारांचें नांव त्या यादींत येत नाहीं, आणि हें शहाणपणाचेंच म्हटलें पाहिजे. मूळचें मेलेलें रबर राखण्याचा आग्रह धरणारा एके दिवशीं मूळची सारी गाडीच जाळून बसेल. जपावयाचे ते तारांचे मार्ग, त्यांचे रंग आणि जाडी; द्रव्य बदललें तरी रचना तीच राहते. मोठ्या दिव्यांच्या वाटेवर एक फ्यूज नव्यानें घालावा, तो डॅशबोर्डामागें दिसणार नाहीं असा. जुन्या वाहनांच्या जागतिक संघटनेच्या ट्यूरिन सनदेंत काढलेले महत्त्वाचे मूळ भाग गाडीबरोबरच ठेवावे, अशी शिफारस आहे. तिला धरून ती जुनी जुडी चिठ्ठ्यांसकट कापडांत बांधून ठेवणें उत्तम.

सर्व जोडून झाल्यावरहि बॅटरी एकदम लावीत नाहींत. बॅटरी आणि गाडी यांच्या मध्यें एक साधा दिवा जोडतात आणि सर्व बटनें बंद ठेवतात. दिवा लागला, तर कोठें तरी तांबें पत्र्याला भिडलें आहे असें समजून पुन्हा शोध घ्यावयाचा. तो विझलेलाच राहिला, म्हणजे मग एकेक बटन दाबून पाहावयाचें : प्रथम बाजूचे दिवे, मग भोंगा, आणि अगदीं शेवटीं, मधला दिवा काढून जाड तार घट्ट बसविल्यावर, सेल्फ.