धडधडत्या छातीची दीडशे वर्षं

अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ च्या दरम्यान, फिलाडेल्फियात टर्नर्स लेन नावाचं एक लष्करी रुग्णालय होतं. तिथे जेकब मेंडेस दा कोस्टा नावाचे डॉक्टर काम करत होते. त्यांच्याकडे पाठवल्या जाणाऱ्या सैनिकांपैकी बऱ्याच जणांना गोळी लागलेली नव्हती की हाड मोडलेलं नव्हतं. पण छाती धडधडायची, छातीत दुखायचं, जरा चाललं की दम लागायचा, चक्कर यायची, रात्र रात्र डोळा लागायचा नाही. दा कोस्टांनी अशा सुमारे ३०० सैनिकांना तपासलं आणि १८७१ मध्ये त्यावर एक मोठा निबंध लिहिला. या दुखण्याला त्यांनी ‘इरिटेबल हार्ट’ म्हणजे चिडखोर हृदय असं नाव दिलं.

हृदयाच्या रचनेत दोष नाही, बिघाड त्याच्या कामकाजात आहे, हे त्यांनी नेमकं ओळखलं होतं. कारणांची मोजदादही त्यांनी केली: ताप, जुलाब, खडतर मोहिमा, जखमा. भीती असा वेगळा रकाना मात्र त्या मोजदादीत नव्हता. उपचार काय, तर सक्तीची विश्रांती आणि डिजिटॅलिससारखी हृदयाची औषधं. ज्या तरुणांनी शेजारी उभा असलेला सोबती कोसळताना पाहिला होता, त्यांच्या छातीला नळी लावून ठोके मोजले जात होते. तिथे वैद्यक थांबलं होतं.

आज आपण ज्यांना चिंताविकार किंवा ‘अँक्झायटी डिसऑर्डर’ म्हणतो, त्यांचा इतिहास मी या निबंधापासून वाचायला घेतला. तो वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. हा आजार काय आहे हे कळायला वेळ लागलाच. पण त्यावर जे उपाय सर्वांत आधी सुचतात, म्हणजे पडून राहा, टाळा, सोबत घेऊन जा, तेच पुष्कळदा तो आजार पोसतात हे कळायला त्याहून जास्त वेळ लागला.

दा कोस्टा अमेरिकेत ठोके मोजत होते, त्याच सुमारास बर्लिनमध्ये कार्ल वेस्टफाल यांच्याकडे वेगळेच रुग्ण येत होते. ही धडधाकट माणसं शहरातला मोकळा चौक ओलांडू शकत नव्हती. चौकापाशी आलं की छाती धडधडू लागायची, अंगाला कंप सुटायचा. कुणी सोबत असलं की तोच चौक ती सहज पार करत. वेस्टफाल यांनी याला ‘ॲगोराफोबिया’ हे नाव दिलं. चिडखोर हृदयाचे सैनिक आणि चौकाला घाबरणारे नागरिक यांच्यात काही नातं असेल, असं तेव्हा कुणाच्या मनात येण्याचं कारण नव्हतं. एकाचं दुखणं हृदयाच्या डॉक्टरांकडे होतं, दुसऱ्याचं मनाच्या.

हे नातं जोडण्याच्या जवळ आले ते सिग्मंड फ्रॉइड. त्या काळी थकवा, डोकेदुखी, अपचन, उदासी असं सगळं ‘न्यूरास्थेनिया’ नावाच्या एकाच पोत्यात भरलं जात असे. १८९५ मध्ये फ्रॉइड यांनी त्यातून एक गठ्ठा वेगळा काढला आणि त्याला ‘अँक्झायटी न्यूरोसिस’ म्हटलं. सतत काहीतरी वाईट घडणार अशी धास्ती, आणि अधूनमधून येणारे झटके: कधी हृदयाचे, कधी श्वासाचे, कधी घामाचे, कधी चक्करेचे. यामागे दबलेली लैंगिक उत्तेजना असते, हे त्यांचं स्पष्टीकरण आज कुणी मानत नाही. पण वर्णन इतकं अचूक आहे की आजच्या बाह्यरुग्ण विभागातही ते लागू पडेल.

मग पहिलं महायुद्ध आलं आणि छाती धडधडणारे सैनिक पुन्हा हजारोंनी रुग्णालयात दाखल झाले. ब्रिटनमध्ये थॉमस लुईस या हृदयतज्ज्ञांवर त्यांचं काम सोपवलं गेलं. निरोगी माणसाला खूप श्रमानंतर जे होतं ते या सैनिकांना थोड्याशा श्रमाने होतं, म्हणून लुईस यांनी त्याला ‘एफर्ट सिंड्रोम’ म्हटलं. नाव बदललं तरी प्रश्न हृदयाचाच राहिला. एक बदल मात्र महत्त्वाचा होता. लुईस यांनी या सैनिकांना खाटेवर झोपवून ठेवलं नाही. टप्प्याटप्प्याने वाढत जाणारी कवायत त्यांनी सुरू केली. हेतू व्यवहारी होता: कोण पुन्हा कामावर जाऊ शकेल हे त्यातून कळत असे. पण विश्रांतीच्या विरुद्ध दिशेने पडलेलं हे पहिलं ठोस पाऊल होतं.

१९४१ मध्ये, पुढचं महायुद्ध चालू असताना, पॉल वुड या आणखी एका हृदयतज्ज्ञाने हा गुंता सोडवला. ही लक्षणं श्रमांच्या परिणामांशी नव्हे, तर भावनांच्या आणि विशेषतः भीतीच्या परिणामांशी जुळतात, असं त्यांनी दाखवून दिलं. दा कोस्टांच्या निबंधापासून इथपर्यंत यायला ७० वर्षं लागली.

या ७० वर्षांना हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. दोन वर्षांपूर्वी, एका रिलीजच्या रात्री, ऑन-कॉल असताना माझी छाती अशी धडधडायला लागली की हात बधिर झाले आणि आपण आता मरणार याबद्दल शंका उरली नाही. मित्राने गाडीत घालून दवाखान्यात नेलं. ईसीजी निघाला. “नॉर्मल आहे. गॅस असेल. टेन्शन घेऊ नका,” असं सांगून घरी पाठवलं गेलं. पुढच्या दोन महिन्यांत मी लिफ्ट सोडली, मग एक्सप्रेसवे सोडला, मग एकट्याने कुठेही जाणं सोडलं. आई पुण्याला येऊन राहिली. तिला ‘पॅनिक’ हा शब्द माहीत नव्हता. पण जिवाची घालमेल, पोटात गोळा, काळजात धस्स होणं, हातपाय गळणं हे सगळं तिच्या बोलण्यात होतं. भीती शरीरात राहते हे आपल्या भाषेला डॉक्टरांच्या कितीतरी आधी ठाऊक होतं. फक्त त्यावर इलाज असतो, हे भाषेत कुठे नव्हतं.

तो इलाज कुठून आला? एक धागा ऑस्ट्रेलियातला आहे. क्लेअर वीक्स या प्राणिशास्त्रातल्या तरुण संशोधक होत्या. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्यांना क्षय झाल्याचं निदान झालं आणि काही महिने त्यांना आरोग्यधामात ठेवलं गेलं. निदान चुकीचं निघालं, पण तिथून बाहेर पडताना धडधडणारी छाती त्यांच्यासोबत आली. पहिल्या महायुद्धात लढलेल्या एका मित्राला त्यांनी हे सांगितलं, तेव्हा त्याला नवल वाटलं नाही. खंदकातल्या सैनिकांचं असंच व्हायचं, तुझं हृदय ठीक आहे, ते भीतीने धडधडतंय, असं तो म्हणाला. दा कोस्टांच्या सैनिकांना जे सांगणारं कुणी नव्हतं, ते एका सैनिकाने वीक्सना सांगितलं. त्या पुढे डॉक्टर झाल्या आणि १९६२ मध्ये त्यांनी सामान्य वाचकांसाठी एक पुस्तक लिहिलं. त्याचं सार असं: भीतीला सामोरं जा, ती आहे हे मान्य करा, तिच्याशी झटापट न करता तिच्यासोबत तरंगत राहा, आणि वेळ जाऊ द्या. तज्ज्ञांनी फारशी दखल घेतली नाही, वाचकांनी मात्र घेतली.

दुसरा धागा प्रयोगांचा. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या छोट्या मुलावरचं आपलं काम प्रसिद्ध केलं. तो आवडीचं काही खात असताना पिंजऱ्यातला ससा थोडा थोडा जवळ आणला जाई. शेवटी पीटर सशाशी खेळू लागला. दक्षिण आफ्रिकेत जोसेफ वोल्पी यांनी सैन्यात डॉक्टर असताना युद्धाने हादरलेले सैनिक पाहिले होते आणि औषधांनी त्यांचं फारसं भलं होत नाही हेही पाहिलं होतं. त्यांनी हीच कल्पना शिस्तीत बसवली: भीतीची शिडी तयार करायची, सर्वांत खालच्या पायरीपासून सुरुवात करायची, शरीर सैल सोडायला शिकत एकेक पायरी चढायची. त्यांचं पुस्तक १९५८ मध्ये आलं.

मराठी वाचकाला या परंपरेतलं ओळखीचं नाव म्हणजे अल्बर्ट एलिस. अंजली जोशी यांच्या ‘मी अल्बर्ट एलिस’ या कादंबरीमुळे ते आपल्या घराघरांत पोचले. एलिस १९ वर्षांचे असताना मुलींशी बोलायला घाबरत. त्यांनी स्वतःलाच काम लावून घेतलं: न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानात बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की शेजारी बसायचं आणि बोलायला सुरुवात करायची. महिनाभरात शंभराहून अधिक जणींशी त्यांनी असा प्रयत्न केला. कुणाशी मैत्री जमली नाही. पण नकाराने आकाश कोसळत नाही, हे कळलं आणि भीती ओसरली.

आता गोळ्यांकडे वळू. १९५५ मध्ये अमेरिकेत मिलटाउन, १९६० मध्ये लिब्रियम आणि १९६३ मध्ये व्हॅलियम बाजारात आलं. काही मिनिटांत जीव शांत होतो म्हटल्यावर मागणी अफाट वाढली. या गोळ्यांची सवय लागते आणि अचानक बंद केल्या की मूळच्या चिंतेसारखाच, कधी त्याहून मोठा त्रास होतो, हे हळूहळू आणि बऱ्याच लोकांना किंमत मोजायला लावून उघड झालं. आपल्याकडे अल्प्राझोलाम, डायझेपाम या गोळ्या २०१४ पासून ‘एच१’ यादीत आहेत. चिठ्ठीशिवाय त्या विकता येत नाहीत आणि विक्रीची नोंद दुकानदाराला ३ वर्षं जपावी लागते. आणीबाणीत, थोड्या दिवसांसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्यांचा उपयोग आहेच. पण खिशात गोळी असल्याशिवाय घराबाहेर पाऊल पडेनासं झालं, की ती गोळी वेस्टफाल यांच्या रुग्णांच्या सोबत्यासारखी होते. चौक पार होतो, भीती तशीच राहते.

याच काळात न्यूयॉर्कच्या हिलसाइड हॉस्पिटलमध्ये डोनाल्ड क्लाइन हे तरुण मानसोपचारतज्ज्ञ इमिप्रामिन हे नवं औषध वेगवेगळ्या रुग्णांना देऊन पाहत होते. काही रुग्णांना दिवसातून अनेकदा झटके येत. ते परिचारिकांच्या टेबलाकडे धावत जात आणि आपण मरतोय म्हणून सांगत. औषध सुरू होऊन काही आठवडे झाले. रुग्ण म्हणत, काही फरक नाही. डॉक्टरांनाही फरक दिसेना. फरक दिसला तो वॉर्डातल्या कर्मचाऱ्यांना: हे लोक टेबलाकडे धावत येईनासे झाले होते. झटके थांबले होते, ‘पुन्हा झटका आला तर’ ही धास्ती मात्र शिल्लक होती. म्हणजे झटका आणि धास्ती या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. फ्रॉइड यांचा गठ्ठा पुन्हा उकलला गेला आणि १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेत ‘पॅनिक डिसऑर्डर’ आणि ‘जनरलाइज्ड अँक्झायटी डिसऑर्डर’ असे दोन स्वतंत्र आजार नोंदले गेले.

आज निदान साधारण असं होतं. अचानक उसळून काही मिनिटांत टोकाला जाणारा झटका. धडधड, घाम, कंप, गुदमरणं, मरणाची भीती अशा १३ लक्षणांपैकी किमान ४. आणि त्यानंतर निदान महिनाभर पुढच्या झटक्याची काळजी किंवा त्यापायी बदललेलं वागणं. दुसऱ्या आजारात झटका नसेलही, पण सहा महिने, बहुतेक दिवस, आवरता न येणारी काळजी, सोबत बेचैनी, थकवा, स्नायूंचा ताठरपणा, उडालेली झोप. त्याआधी हृदय, थायरॉइड, रक्तातलं हिमोग्लोबिन तपासून घ्यायचं, चहा-कॉफी आणि इतर औषधांची चौकशी करायची. ईसीजी काढणं बरोबरच आहे. तो नॉर्मल आल्यावर संभाषण संपतं, अडचण तिथे आहे.

१९८६ मध्ये डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी झटक्याचं जे चक्र मांडलं, ते वाचताना माझ्यातल्या इंजिनिअरला ते लगेच समजलं. ठोका जरा वाढतो. मेंदू त्याचा अर्थ ‘हार्ट अटॅक’ असा लावतो. त्या अर्थाने भीती वाढते, भीतीने ठोके वाढतात, वाढलेले ठोके अर्थाला पुरावा देतात. अलार्मच्या आवाजानेच पुढचा अलार्म वाजतो. या चक्रात सगळ्यात कच्चा दुवा ठोका नाही, त्याचा अर्थ आहे. म्हणून आजच्या उपचारात थेरपिस्ट रुग्णाला मुद्दाम जोरजोरात श्वास घ्यायला लावतात, जिने चढायला लावतात, छाती धडधडू देतात आणि काहीच होत नाही हे शरीराला स्वतः अनुभवू देतात. लुईस यांची कवायत, वीक्स यांचं तरंगणं, वोल्पी यांची शिडी, सगळं त्यात आहे. गरज असेल तिथे एसएसआरआय गटाची औषधं असतात. ती सवय लावणाऱ्या गोळ्यांसारखी नसतात, पण परिणाम दिसायला काही आठवडे घेतात, आणि बंद करायची झाली तरी डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू.

इतकं सगळं माहीत असूनही बंगळुरूच्या निम्हान्सने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात, नैराश्य आणि चिंताविकारांसारख्या सर्रास आढळणाऱ्या मानसिक आजारांच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचत नव्हते. त्यातल्या अनेकांनी डॉक्टर पाहिलाच नसेल असं नाही. छातीचा, पोटाचा, डोक्याचा पाहिला असेल. २०२२ पासून टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे, त्यावर मराठीतही बोलता येतं. निदान पहिलं संभाषण तरी तिथे सुरू होऊ शकतं.

घरच्यांसाठी मला हिलसाइडचा तो वॉर्ड सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बरं होणाऱ्या माणसाला आपण बरे होतोय हे कळत नव्हतं, कारण तो अजूनही आपल्या छातीकडे लक्ष देऊन बसला होता. सुधारणा दिसत होती ती त्याच्या पायांत. म्हणून अशा माणसाला “धडधड थांबली का?” असं रोज विचारू नये. तो प्रश्न त्याला पुन्हा ठोके मोजायला बसवतो. “आज कुठे जाऊन आलास?” असं विचारावं. उत्तर ‘कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत’ असं आलं, तरी ते पुष्कळ आहे.